आपली रायडिंग स्टाइल कोणती?

न्यू जर्सीतल्या कुठल्याही स्नोबोर्डच्या दुकानात शिरा. तुमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, हीटर चालू असतानाही लोकरी टोपी न काढणारा एक मुलगा पुढे येतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, ‘‘तुमची रायडिंग स्टाइल कोणती?’’ बजेट विचारत नाही, माप विचारत नाही, आधी कधी बोर्डवर उभे राहिलात का तेही विचारत नाही. मराठी माणूस इथेच गारद होतो. आयुष्यभर दुकानात त्याला ‘कितीपर्यंतचं दाखवू?’ एवढंच विचारलेलं असतं आणि त्याचं उत्तर खिशात तयार असतं. स्टाइल म्हटल्यावर तो बायकोकडे बघतो. बायको छताकडे बघते. कारण त्याची स्टाइल तिने मागच्या हिवाळ्यात बघितलेली असते: उताराच्या सुरुवातीला बसणे, मध्ये पडणे आणि शेवटी बोर्ड काखोटीला मारून चालत खाली येणे. या स्टाइलला साजेसा बोर्ड अजून कुठल्या कंपनीने काढलेला नाही.

कंपन्यांनी काढलेले प्रकार वेगळे. पहिले पार्कवाले. लोखंडी कठड्यांवरून घसरायचं, बर्फाच्या उंचवट्यावरून उडी मारून हवेत गिरकी घ्यायची, हा त्यांचा उद्योग. त्यांचा बोर्ड थोडा आखूड, लवचीक आणि दोन्ही टोकांना हुबेहूब सारखा, कारण उतरताना तोंड कुठे असेल याची त्यांना खात्री नसते. दुसरे फ्रीराइडवाले. आखलेल्या उतारांवर यांचं मन रमत नाही. झाडांतून, घळीतून, जिथे पाटी लावलेली नसते तिथून उतरायचं. त्यांचा बोर्ड लांब आणि ताठ, पुढचं टोक पुढचं आणि मागचं मागचं. मग पावडरवाले, ताज्या भुसभुशीत बर्फात तरंगणारे. त्यांच्या बोर्डाचं नाक रुंद, शेपूट निमुळती, आणि पाय ठेवायची जागा थोडी मागे सरकवलेली, म्हणजे नाक बर्फात बुडत नाही. मग कार्व्हिंगवाले, बोर्ड कडेवर इतका कलवतात की हात बर्फाला लागतो आणि मागे एक बारीक रेघ राहते. यातून जे उरतात ते ऑल-माउंटनवाले, म्हणजे ज्यांचं काहीच ठरलेलं नाही असे आपण सगळे. दुकानातला बहुतेक माल याच नावाने खपतो.

हे प्रकार खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. पार्कचा बोर्ड घेऊन फ्रीराइड करणाऱ्याचे दात वाजतात आणि फ्रीराइडचा ताठ बोर्ड घेऊन कठड्यावर चढणाऱ्याचे पडतात. माझं म्हणणं एवढंच की स्टाइल हा नवख्याला विचारायचा प्रश्न नव्हे. त्याचा बोर्ड तीन गोष्टींवर ठरतो: वजन, बुटाचं माप आणि खाली कसला बर्फ आहे. यातली पहिली तो लपवतो, दुसरी त्याला भारतातल्या मापात माहीत असते आणि तिसरी त्याच्या हातात नसते.

हा खेळ जन्मला तेव्हा तर स्टाइलचा प्रश्नच नव्हता, कारण बाइंडिंगच नव्हतं, म्हणजे पाय बोर्डाला बांधायची सोयच नव्हती. १९६५ च्या नाताळच्या दिवशी मिशिगन राज्यातल्या मस्केगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी केली. बायकोने तिचं नाव ‘स्नर्फर’ ठेवलं. पुढे तिच्या टोकाला एक दोरी आली. ती हातात धरायची, फळीवर उभं राहायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. पाय मोकळे. पडलं की फळी एका वाटेने, माणूस दुसऱ्या. मग १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटरने व्हर्मांटमधल्या लंडनडेरीत स्वतःची बोर्डांची कंपनी काढली आणि हा गडी १९७९ साली मिशिगनमधल्या स्नर्फरच्या स्पर्धेला पाय अडकवायची सोय असलेला आपला बोर्ड घेऊन हजर झाला. इतरांनी हरकत घेतली. शेवटी तोडगा म्हणून त्याच्यासाठी एक वेगळा खुला गट काढण्यात आला. त्या गटात तो एकटाच होता. तो पहिला आला. बाइंडिंगचा इतका निर्विवाद विजय पुन्हा झालेला नाही.

आता वजनाकडे येतो, कारण घरोघरी खरा तमाशा तिथे होतो. बोर्ड निवडायची जुनी पद्धत अशी की तो शेजारी उभा धरायचा आणि टोक हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान आलं की झालं. ही पद्धत आजही अनेकांना प्रिय आहे, कारण तिच्यात वजन सांगावं लागत नाही. पण बोर्डाला तुमची हनुवटी कुठे आहे याच्याशी काही कर्तव्य नसतं. तुम्ही त्याला किती दाबता आणि तो किती वाकतो, एवढंच त्याला कळतं. एकाच उंचीचे दोन जण, एक साठ किलोचा आणि एक नव्वदचा. त्यांना एकच बोर्ड दिला तर पहिल्याकडून तो वळत नाही आणि दुसऱ्याच्या पायाखाली वेग आला की थरथरत सुटतो. म्हणून प्रत्येक कंपनी प्रत्येक लांबीपुढे वजनाचा तक्ता छापते. आमच्या मराठी मंडळाचे कोषाध्यक्ष बोर्ड घ्यायला गेले तेव्हा त्यांनी वजन मुद्दाम किलोत सांगितलं, म्हणजे काउंटरवरच्या मुलाला अंदाज येऊ नये. ‘‘सत्तर,’’ ते म्हणाले. मुलगा फोनवर हिशेब करायला लागला. तेवढ्यात हातमोजे चाळत असलेल्या काकूंनी मागे न बघता पाउंडात आकडा सांगितला, ‘‘वन नाइंटी फोर.’’ म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलो. मुलाने हातातला बोर्ड निमूट जागेवर ठेवला आणि चार खण पलीकडचा काढला. काकांनी घरी जाईपर्यंत गाडीत कुणाशी शब्द काढला नाही, पण तो बोर्ड त्यांना आजही छान चालतो.

पैशांच्या हिशेबात वर्षानुवर्षं एका सेंटची चूक न करणारा माणूस इथे अठरा किलोंची गफलत करतो, हे लक्षात घ्या.

बुटाचं माप याहून सोपं, पण तिथे दुसरी गंमत. भारतात दहा नंबरचा बूट घालणाऱ्याचं इथलं माप साधारण अकरा. आणि अकराच्या आसपासच रुंद बोर्डांची हद्द सुरू होते. बोर्डाची कंबर, म्हणजे मधला सगळ्यात अरुंद भाग, नेहमीच्या बोर्डात पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास असतो. रुंद बोर्डात सव्वीस किंवा त्याहून थोडा जास्त. फरक बोटभरसुद्धा नाही. पण तेवढ्यासाठी बुटाचा चवडा कडेबाहेर येतो आणि तुम्ही बोर्ड कलवून वळायला गेलात की बोर्डाच्या कडेआधी बुटाचं टोक बर्फाला लागतं, कड उचलली जाते आणि तुम्ही पोटावर पाच-दहा फूट पुढे जाता. बघणाऱ्यांना वाटतं, याला वळता येत नाही. वळता येत असतं. पाय मोठा असतो. आधी बूट घ्यावा आणि मग बोर्ड, हे दुकानदार सांगतात ते माल खपवायला नव्हे. बोर्ड थोडा चुकला तर निभतं, बुटात टाच वर उचलली जात असेल तर बोर्डाला तुमचा निरोपच पोहोचत नाही. बुटाला आता नाड्यांऐवजी एक चकती असते. ती कट्-कट् फिरवली की बारीक तारा आवळल्या जातात. ती चकती फिरवण्यात मोठी माणसं रमतात. दुकानात एका बाकावर असे तीन बाप शेजारी शेजारी बसून चकत्या फिरवत होते आणि त्यांची मुलं ‘निघू या ना’ म्हणून दाराशी उभी होती.

बोर्ड किती लवचीक हे सांगायला एक ते दहाचा आकडा असतो. एक म्हणजे मऊ, दहा म्हणजे कडक. यावर मंडळातल्या हुशार लोकांनी एक्सेलचे तक्ते केले आहेत, पंधरा कंपन्या, रकाने रंगवलेले. पण हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या जिभेने ठरवते. कोल्हापुरात ‘मध्यम तिखट’ म्हणून वाढलेला रस्सा पुण्यात मध्यम तिखट म्हणून कुणी वाढणार नाही. एका कंपनीचा पाच हा दुसऱ्या कंपनीचा सात असू शकतो, तो असा. तक्त्यात दोघेही पाचच्या रकान्यात हिरवे दिसतात. म्हणून बोर्ड हातात घ्यावा, शेपूट जमिनीला टेकवावी, एक हात नाकावर आणि दुसरा मध्ये ठेवून दाबून बघावं. दुकानातले सगळेच असं करतात. दाबल्यावर काय कळलं ते कुणी सांगत नाही, पण चेहरा गंभीर करून मान हलवतात.

बाइंडिंगबद्दल मात्र कुणी एक्सेल करत नाही आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. लोक बोर्डावर चारशे-सहाशे डॉलर घालतात, वरचं चित्र बघून घालतात, आणि बाइंडिंग ‘जे काही सेलमध्ये असेल ते’ म्हणून उचलतात. बाइंडिंग म्हणजे बोर्डवर स्क्रूने बसवलेली एक बैठक. तिच्या मागे पोटरीपर्यंत चढलेली पाठ, घोट्यावर एक पट्टा, चवड्यावर एक पट्टा. टाचेच्या कडेवर वळायचं तर तुम्ही त्या पाठीवर रेलता आणि बोर्ड टाचेच्या बाजूला कलतो. चवड्याच्या कडेवर जायचं तर घोट्याचा पट्टा ओढ घेतो. म्हणजे तुमचं आणि बोर्डाचं सगळं बोलणं या एका जागेतून चालतं. ताठ बाइंडिंग तुमची प्रत्येक इच्छा बोर्डला ताबडतोब कळवतं. नवशिक्याची अडचण अशी की त्याच्या इच्छा त्या क्षणी परस्परविरोधी असतात. म्हणून त्याला मऊ ते मध्यम बाइंडिंग हवं. अशा बाइंडिंगला जरा उशिराने ऐकू येतं आणि तेवढ्यात माणसाचा विचार बदललेला असतो. पार्कवाल्यांनाही मऊच आवडतं, कारण त्यांना हवेत पाय वेडेवाकडे करायचे असतात. फ्रीराइड आणि कार्व्हिंगवाले ताठ घेतात. मंडळातल्या एकाने मात्र पहिल्याच हिवाळ्यात दहापैकी नऊचं बाइंडिंग घेतलं, कारण त्याचं म्हणणं, ‘‘घ्यायचंय तर चांगलंच घेऊ.’’ नऊ म्हणजे नव्वद टक्के, असा त्याचा शालेय हिशेब होता.

मग कुठला पाय पुढे हा प्रश्न. डावा पुढे ठेवणारे रेग्युलर, उजवा पुढे ठेवणारे गूफी. हे कळण्यासाठी दुकानात यंत्र नसतं. भाच्याने ती परीक्षा आमच्या स्वयंपाकघरात घेतली.

‘‘मामा, तू मोजे घालून सरळ उभा राहा. ओट्याकडे तोंड कर.’’

‘‘पुढे काय करायचं?’’

‘‘काही नाही. नुसता उभा राहा.’’

आणि मागून धक्का. पडू नये म्हणून जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा पाय. माझा डावा गेला आणि एक हात डब्यांच्या फळीवर. डोंबिवलीहून हिवाळ्यापुरती आलेली माझी आई तिथे मेथी निवडत होती.

‘‘अरे, मामाला ढकलतोस काय? मोठा आहे तो.’’

‘‘आजी, टेस्ट होती.’’

‘‘मग पास झाला का?’’

पाय कळला की कोन. बाइंडिंगच्या मध्ये एक गोल चकती असते, तिच्या कडेला दाते आणि अंशांचे आकडे. बाइंडिंग फिरवून हव्या त्या अंशावर बसवायचं आणि चार स्क्रू आवळायचे. पुढचा पाय अधिक पंधरा आणि मागचा उणे पंधरा, म्हणजे दोन्ही चवडे बाहेर वळलेले, ही बदकासारखी उभं राहायची रीत पार्कवाल्यांची. त्यात उजवं-डावं सारखंच. कार्व्हिंगवाले दोन्ही पाय पुढे वळवतात, पुढचा तीस, मागचा पंधरा असे. नवख्याला अधिक पंधरा आणि उणे सहा यांच्या जवळपास कुठे तरी बरं पडतं. पण दुसऱ्याचे आकडे छापील दिसले की मराठी माणूस ते तसेच्या तसे बसवतो. आपल्या गुडघ्याला काय हवंय ते विचारत नाही. वास्तविक स्वयंपाकघरातच जमिनीवर सहज उडी मारून बघावी. पाय ज्या कोनात टेकतात, त्याच्या आसपास गुडघे सुखी असतात.

स्क्रूंचं आणखी एक. बोर्डाला जी भोकं असतात ती सगळ्यांची सारखी नसतात. बहुतेक बोर्डांना चार स्क्रूंच्या रांगा असतात. बर्टनच्या बहुतेक बोर्डांना प्रत्येक पायाखाली मधोमध नुसती एक लांब खाच असते आणि बाइंडिंग तिच्यात दोन स्क्रूंवर बसतं. बरीच बाइंडिंगं दोन्हीकडे चालतील अशा चकत्या घेऊन येतात, काही येत नाहीत. हे खोक्यावर छापलेलं असतं. तरी दरवर्षी कुणी तरी बोर्ड एका सेलमध्ये आणि बाइंडिंग दुसऱ्या सेलमध्ये घेतं आणि शुक्रवारी रात्री अकराला, सकाळी सहाला व्हर्मांटला निघायचं असताना, मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतं: ‘कुणाकडे अशी चकती आहे का?’ खाली लगेच तीन हात जोडलेले, एक ‘सुप्रभात’ आणि कोषाध्यक्षांची वर्गणीची आठवण.

बाइंडिंगमधून पाय कधीच आपणहून सुटत नाही, हे मी आईला सांगायला नको होतं.

‘‘म्हणजे पडलास तरी बांधलेलाच?’’

‘‘हो. स्कीचं बाइंडिंग पडल्यावर सुटतं, कारण दोन पाय दोन फळ्यांवर असतात, एक इकडे एक तिकडे वळला तर गुडघा पिळतो. इथे दोन्ही पाय एकाच फळीवर, त्यामुळे पिळायला वाव कमी. म्हणून गुडघे त्या मानाने वाचतात.’’

‘‘आणि मोडतं काय?’’

‘‘मनगट. पडताना हात टेकतो ना आपण.’’

तिने थोडा विचार केला. ‘‘गुडघे माझे आधीच गेलेत. मनगटं आहेत ती भाकऱ्यांना लागतात. तुम्ही जा.’’

पट्ट्यांचं दुखणं असं की ते दर फेरीला सोडावे आणि लावावे लागतात. खुर्चीच्या लिफ्टने वर जाताना पुढचाच पाय बांधलेला असतो. मागचा मोकळा, लिफ्टच्या रांगेत त्याने ढकलत जायचं. वर उतरताना बोर्ड एका पायाला लोंबत असतो आणि नवखा माणूस बहुधा तिथेच आडवा होतो. मग लिफ्टवाला निमूट बटण दाबतो आणि मागचे दोनशे लोक हवेत लटकून आपल्याकडे बघतात. उठून जरा पुढे गेलं की सगळे बोर्डवाले उताराच्या तोंडाशी ओळीने बर्फात बसलेले. पार्कवाला, फ्रीराइडवाला, शिकाऊ, सगळे एकाच स्टाइलमध्ये, ओल्या बुडाने, पट्टे ओढत. स्कीवाले त्यांच्यामधून वाट काढत जातात आणि काही बोलत नाहीत. त्यांना बोलायची गरज नसते. यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात बूट नुसता दाबला की अडकेल अशी बाइंडिंगं निघाली होती; ती काही वर्षांत मागे पडली. मग २०१७ मध्ये बर्टनने ‘स्टेप ऑन’ नावाने ती कल्पना नव्याने आणली: चवड्याशी दोन आणि टाचेशी एक अशा तीन जागी बूट अडकतो, वाकायला नको, बसायला नको. पण त्याला त्याचेच खास बूट लागतात, आणि ओला बर्फ बुटाच्या तळाशी चिकटून बसला की अडकायचं नाव घेत नाही. मग माणूस उभ्या उभ्या लाथा झाडतो. माझ्या मते ज्यांची कंबर वाकत नाही त्यांनी खुशाल घ्यावं. ज्यांची वाकते त्यांनी त्या पैशात दोन दिवस शिकवणी लावावी.

आता बर्फ. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे लोक पूर्वेकडच्या आमच्या किनाऱ्याला ‘आइस कोस्ट’ म्हणून चिडवतात. चिडवण्यात दम आहे. इथे जानेवारीत पाऊस पडतो, रात्री तो गोठतो, सकाळी यंत्र त्यावर फिरून नक्षी काढतं आणि दुपारी ती नक्षी निघून जाऊन खाली काच उरते. पेनसिल्व्हेनियातले पोकोनो असोत की न्यू जर्सीतल्या एडिसनहून चार-पाच तासांवरचे व्हर्मांटचे स्ट्रॅटन, किलिंग्टन असोत, पूर्वेकडचा नवशिक्या पेचात सापडतो तो इथे, बोर्डाच्या बाकावरून. बोर्ड जमिनीवर ठेवून बघा. कॅम्बर असेल तर दोन्ही टोकांजवळ टेकतो आणि मध्ये उचललेला राहतो, खालून कागद सरकतो. वर उभं राहिलं की तो दाबला जातो आणि पूर्ण कड बर्फात रुतते. बर्फ काचेसारखा असताना हेच हवं. पण हीच कड नवशिक्याने चुकून खालच्या बाजूला टेकवली की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे जातो. रॉकर असेल तर उलट, मध्ये टेकतो, टोकं वर. कड चुकून अडकायची भीती कमी, वळायला हलका, सगळं क्षमा करणारा. काचेवर मात्र तो इतका क्षमाशील होतो की कड धरतच नाही आणि तुम्ही आडवे आडवे कुंपणाकडे निघता. म्हणजे ज्याला शिकायला रॉकर हवा त्यालाच आमच्या बर्फावर कॅम्बर हवा. यातून सुटायला कंपन्यांनी मिश्र प्रकार काढले, पायांमध्ये सपाट किंवा हलका कॅम्बर आणि टोकांशी थोडा रॉकर. वॉशिंग्टन राज्यातल्या लिब टेकवाल्यांनी कडच सरळ न ठेवता लाटांसारखी केली, म्हणजे ती एकाच जागी नव्हे, अनेक जागी बर्फ धरते. पूर्वेकडच्यांनी मिश्र प्रकाराचा, मध्यम ताठ बोर्ड घ्यावा आणि कडेला धार लावून घ्यावी. ही स्टाइल नव्हे, हवामान आहे.

तरी मंडळातला एक जण पावडरचा बोर्ड घेऊन पोकोनोला येतो. शेपटीला माशाच्या शेपटीसारखी खाच, वर जपानी पद्धतीचं चित्र. त्याने निसेकोचे व्हिडिओ बघितलेत. होक्काइडोतल्या निसेकोत हिवाळ्यात सरासरी दहा मीटरच्या वर बर्फ पडतो, आणि तिथे हा बोर्ड खरंच तरंगतो. पोकोनोच्या काचेवर तो तरंगत नाही, वाजतो. लांबून ऐकू येतं की तो येतोय, लोक बाजूला होतात. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘‘कधी तरी पडेलच ना बर्फ.’’ इतका आशावाद मी दुसऱ्या कुठल्या मराठी माणसात बघितलेला नाही.

या बोर्डाची खरी जागा आपल्याच देशात आहे, गुलमर्गला. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवतच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर पोहोचलं की ताजा बर्फ असेल तर गुडघाभर, आणि जगभरचे बोर्डवाले त्यासाठी येतात. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमध्ये तिथे स्नोबोर्डही असतो. आपली पुण्या-मुंबईची मंडळी बहुधा पहिल्या टप्प्याला, कोंगदोरीला उतरतात. भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट, आणि कुणा परदेशी पोराचा बर्फात उभा रोवलेला बोर्ड दिसला की त्याच्या शेजारी उभं राहून फोटो. आधी काका, मग काकू, मग सगळं कुटुंब आणि बोर्ड मध्ये. त्या पोराला बिचाऱ्याला आपला बोर्ड परत मिळायला वाट बघावी लागते. बोर्डही त्या फोटोत सरळ उभा असतो, आणि जो कधीच आडवा होत नाही तो बोर्ड सगळ्यांनाच साधतो.

ज्यांना स्टाइल खरंच आहे ते तिची फारशी बडबड करत नाहीत. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्तेर लेदेत्स्काने स्कीवर सुपर-जी ही शर्यत जिंकली आणि आठवडाभरात स्नोबोर्डवर समांतर जायंट स्लालमही जिंकली. दोन खेळ, दोन सुवर्णपदकं, एकच ऑलिंपिक. तिचा स्पर्धेचा बोर्ड अरुंद आणि लांब, पायात स्कीसारखे टणक बूट, बाइंडिंग म्हणजे नुसत्या धातूच्या ताटल्या. आमच्याकडच्या दुकानात ती गेली तर टोपीवाला मुलगा तिलाही ऑल-माउंटन दाखवेल.

बोर्ड घरी आला की एक गृहकलह राहतो, तो मेणाचा. बोर्डाचा तळ दोन प्रकारचा: वितळवून ओतलेला, तो स्वस्त आणि निगराणी कमी, आणि दाणे दाबून केलेला, तो वेगवान, पण दर काही दिवसांनी मेण मागणारा. विक्रेता दुसऱ्याचा वेग सांगतो, मेण सांगत नाही. मेण गरम इस्त्रीने लावतात. त्यासाठी वेगळी इस्त्री मिळते. मराठी माणूस ती घेत नाही, कारण घरात एक इस्त्री असतेच. नंतर गणपतीच्या आरतीला पांढऱ्या कुर्त्यावर, बरोबर छातीवर, एक तेलकट पट्टा येतो आणि सगळ्यांना कळतं की हे स्नोबोर्डिंग करतात. पहिल्या बोर्डला ओतलेला तळ पुरे, हे मी बायकोच्या वतीने सांगतो.

आणि ज्यांना अजून काहीच घ्यायचं नाही, नुसतं बघायचंय, त्यांच्यासाठी न्यू जर्सीतल्याच ईस्ट रदरफर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये बिग स्नो आहे. छताखाली बर्फाचा उतार, २०१९ च्या डिसेंबरात उघडलेला, आत तापमान शून्याच्या दोन-एक अंश खाली. जुलैत बाहेर लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खातात आणि आत बर्फात पडतात. भाड्याचा बोर्ड, बाइंडिंग, बूट सगळं मिळतं, आणि तिथला मुलगा स्टाइल विचारत नाही. वजन विचारतो.

पहिला हिवाळा भाड्याच्या सामानावर काढा. बूट मात्र स्वतःचा घ्या, मोजा एकच घालून, दुपारी पाय सुजलेले असताना दुकानात जाऊन. वजन खरं सांगा. नाही सांगितलंत तर बायको सांगेल. मनगटाचे पट्टे घ्या, वीस-तीस डॉलरला मिळतात. बाइंडिंग मध्यम घ्या आणि उतारावर जाण्याआधी स्क्रू पुन्हा आवळा, कंपनाने ते ढिले होतात. बऱ्याच ठिकाणी लिफ्टपाशी पेचकस बांधून ठेवलेला असतो. बोर्ड मार्च-एप्रिलमध्ये, मोसम संपताना घ्या. गेल्या वर्षीचं मॉडेल तेव्हा बऱ्याच कमी दरात निघतं, आणि नव्या वर्षीच्या बोर्डात बहुतेक वेळा फक्त वरचं चित्र बदललेलं असतं.